दोन महायुद्धांच्या दरम्यानची मुंबई : अर्भकमृत्यूचे आकडे आणि महापालिकेची सेवा यांचा संबंध कसा लावावा?

शोधयात्री (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या काळात मुंबई महापालिकेने बाळंतिणी आणि तान्ही बाळे यांच्यासाठी कोणत्या आरोग्यसेवा उभ्या केल्या, या विषयावर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. कागदपत्रे वाचताना एका ठिकाणी अडले आहे आणि येथे या काळाचे जाणकार आहेत, म्हणून विचारते.

१९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ अर्भके वर्षाच्या आत दगावली, असा आकडा बहुतेक सर्वत्र दिलेला असतो. त्याच वर्षीची खोल्यांनुसार केलेली विभागणी तर अंगावर काटा आणते. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ होते. पुढच्या दहाबारा वर्षांत शहराचा एकूण आकडा तीनशेच्या खाली उतरलेला दिसतो. माझ्या मसुद्यात मी या घसरणीचे श्रेय चाळींतून फिरणाऱ्या परिचारिका, प्रसूतिगृहे आणि बालकल्याण केंद्रे यांना दिले होते. मार्गदर्शकांनी समासात एवढेच लिहिले की, "एका खोलीत जन्मलेल्या सहा मुलांपैकी पाच मेली, यावर तुमचा विश्वास बसतो का?" विश्वास बसत नाही, हे खरे. पण मग हा आकडा आला कुठून, आणि तो खोटा असेल तर नंतरच्या घसरणीचे काय करायचे?

दुसरे असे की, या सेवांमध्ये प्रत्यक्षात काय मिळत होते, हेही मला नेमके समजून घ्यायचे आहे. अहवालांत केंद्रांची संख्या असते, पण गिरणीत काम करणाऱ्या बाईला त्यातले काय मिळत होते, हे त्यातून कळत नाही.

दप्तरदार

आपल्या मार्गदर्शकांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. हा आकडा कोणी बनवलेला नाही, परंतु तो ज्या भागाकारातून निघतो त्या भागाकाराचा अंश आणि छेद वेगवेगळ्या माणसांचे आहेत, आणि सगळी गडबड तेथेच आहे.

त्या काळची मुंबई ही बाहेरून आलेल्या पुरुषांची नगरी होती. १९२१ च्या जनगणनेत शहरात दर हजार पुरुषांमागे केवळ ५२५ स्त्रिया होत्या. कामकरी वर्गाचा फार मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून आलेला होता, आणि त्याचे गावाशी नाते तुटलेले नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही रीत तर होतीच, पण पुढची बाळंतपणेही अनेकदा गावीच होत, कारण दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे दोन कुटुंबे आणि एखाददुसरा खाणावळीचा गडी राहत असे, तेथे बाळंतिणीला आडोसा म्हणून फार तर दोरीवर टाकलेले लुगडे मिळायचे आणि तिची उठबस करायला कोणी नसायचे. दिवस भरत आले की बाई बोटीने कोकणात जाई, तेथे बाळंत होई, आणि दोनतीन महिन्यांचे मूल घेऊन परत येई, कारण कामावरचा खाडा फार वाढवून चालत नसे. आता हे मूल पुढे मुंबईत दगावले तर त्याचा मृत्यू मुंबईच्या दप्तरात चढे, कारण दहनाच्या किंवा दफनाच्या जागी नोंद झाल्याशिवाय गत्यंतर नव्हते. जन्म मात्र देवरूखच्या किंवा राजापूरच्या बाजूला कोठेतरी नोंदला गेलेला असे, किंवा कोठेच नोंदलेला नसे. म्हणजे मुंबईच्या अंशात ते मूल आहे आणि छेदात नाही.

जे मूल मुंबईतच जन्मले त्याचीही नोंद होईलच याची खात्री नव्हती. १८८८ च्या महापालिका कायद्याने जन्माची खबर देणे बंधनकारक होते, पण घरी सुईणीच्या हातून झालेल्या बाळंतपणाची खबर द्यायला बापाने कामाचा दिवस बुडवून जावे, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नव्हते. समजा, एखाद्या वस्तीत खरोखर १००० मुले जन्मली, त्यांतल्या ६०० जन्मांचीच नोंद झाली, आणि गावाहून आणलेल्या मुलांसह ३६० अर्भकांच्या मृत्यूची नोंद झाली. कागदावरचे प्रमाण हजारी ६०० येईल, आणि खरे प्रमाण त्याच्या जवळपासही नसेल. ही उदाहरणादाखल घेतलेली बेरीज-वजाबाकी आहे, परंतु एका खोलीचा आकडा ८२८ पर्यंत का चढला हे तिच्यावरून उमजते. बाळंतपणाला गावी जाणारी कुटुंबे आणि खबर न देणारी कुटुंबे ही बहुतांशी एका खोलीत राहणारीच कुटुंबे होती. शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक तेव्हा एकाच खोलीत राहत होते, त्यामुळे शहराचा एकूण आकडाही त्यांच्याबरोबर वर गेला.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की चाळीतला मृत्यू हा निव्वळ कारकुनी भास होता. दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार खोल्यांत १३३ ही उतरण नोंदीतल्या दोषाने पुरती समजावून सांगता येत नाही. तीन खोल्यांत राहणारा माणूस साधारणपणे जन्माची खबर देणारा होता, आणि तरीही त्याच्या आणि चार खोल्यांवाल्याच्या घरात एवढा फरक होता. ८२८ ही संख्या प्रबंधात द्यायची तर ती "नोंदलेल्या जन्मांमागे" या शब्दांसह द्या, आणि हे शब्द तळटीपेत ढकलू नका.

नंतरच्या घसरणीबद्दल माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. परिचारिका दारोदार फिरून जन्मांची माहिती मिळवू लागल्या आणि बाळंतपणे प्रसूतिगृहात होऊ लागली, की पहिली गोष्ट होते ती जन्मनोंद सुधारण्याची. छेद मोठा होतो आणि एकही जास्त मूल न वाचता प्रमाण खाली येते. म्हणून प्रमाणाच्या जोडीला अर्भकमृत्यूंची निव्वळ संख्या वर्षावर्षाने मांडा. ती संख्या कमी होत असेल, तरच सेवेला श्रेय द्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतरची दोनतीन वर्षे आधारवर्षे म्हणून घेऊ नका, नाहीतर उतरण आपोआपच दिसेल. विभागवार आकडे घेणार असाल तर आणखी एक खबरदारी घ्या. रुग्णालयातला जन्म रुग्णालय असलेल्या विभागात लागलेला आहे की आईच्या पत्त्यावर, हे आधी तपासा, कारण परळसारख्या ठिकाणी यामुळे सगळे चित्र उलटेपालटे होते.

गिरणगावकर

दप्तरदार यांनी नोंदीची बाजू फार उत्तम मांडली आहे. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. जन्मनोंद सुधारणे हा सेवेचा आनुषंगिक परिणाम होता असे मानले तर ती सेवा नीट समजतच नाही. ज्या मुलाच्या जन्माची कोणाला खबरच नाही, त्याच्या घरी परिचारिका जाणार कशी? लस टोचायला कोण बोलावणार? मुंबईत अर्भकांना देवी काढणे १८७७ च्या कायद्यापासून सक्तीचे होते, आणि ती सक्ती जन्माच्या यादीशिवाय लंगडीच राहत होती. यादी तयार करणे हेच त्या परिचारिकांचे पहिले आरोग्यकार्य होते. तेव्हा छेद वाढला म्हणजे प्रगती नाही, असे मी म्हणणार नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गिरणीतल्या बाईला काय मिळत होते हे जाणायचे असेल तर १९२१-२२ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी केलेली पाहणी प्रथम वाचा. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला, त्यानंतर येथील सरकारला आपल्याकडच्या परिस्थितीची चौकशी करणे भाग पडले, आणि त्यातून ही पाहणी निघाली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. बाळागोळी म्हणून ही अफू राजरोस विकत मिळत असे. हे वाचून आयांना दोष देणारे त्या काळीही पुष्कळ होते आणि आजही भेटतात. परंतु १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास ठेवली होती. बाई उजाडायच्या आत घर सोडणार, दिवस मावळल्यावर परतणार, आणि मूल एखाद्या म्हातारीपाशी किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीपाशी असणार. दूध पाजायला आई नाही, भुकेने रडणारे मूल शेजारच्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवणार. अशा घरात त्या गोळीने मूल शांत राही. ते भूकही मागेनासे होई आणि हळूहळू वाळत जाई, आणि मृत्यूच्या दाखल्यावर "अशक्तपणा" हे कारण पडे.

बालकल्याण केंद्रांतल्या परिचारिका आईला सांगत की बाळाला ठरावीक वेळाने अंगावर पाजा, अफू देऊ नका. हा सल्ला चांगलाच होता. पण जिला दहा-अकरा तास बाहेर राहणे भाग आहे, तिने तो पाळायचा कसा, याचे उत्तर केंद्रापाशी नव्हते. काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली होती, तेथे कामाच्या मधल्या वेळात आईला मुलापाशी जाता येई. माझ्या मते एका पाळणाघराचे मोल उपदेशाच्या शंभर भेटींपेक्षा अधिक होते, आणि आपल्या प्रबंधात या दोन गोष्टी एकाच रकान्यात येऊ नयेत.

बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मात्र सविस्तर लिहिण्याजोगा आहे. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी हे विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याचा भार बराचसा सरकारने उचलायला हवा हे आपल्याला मान्य आहे, पण जो मालक बाईच्या श्रमातून नफा मिळवतो त्यालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ मध्ये कायदा झाला आणि हिंदुस्थानात अशा प्रकारचा तो पहिलाच होता. बाळंतपणाआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे चार आठवडे, मुंबई शहरात दिवसाला आठ आणे या दराने, भत्ता द्यायचा होता. खर्च एकट्या मालकावर टाकल्यामुळे त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. लग्न झालेल्या बाईला कामावर घ्यायला जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम, नाखूष होऊ लागले, आणि दिवस गेल्याचे कळताच काही ना काही निमित्ताने तिला कमी करण्याची तक्रार कामगारांच्या चौकशांतून पुनःपुन्हा येते. भार सरकारने उचलावा हा मुद्दा मान्य झाला असता, तर बायकांच्या नोकरीवर हे संकट आले नसते असे मला ठामपणे वाटते.

तरीही आठ आणे रोज ही तुच्छ रक्कम नव्हती. ज्या बाईने हे पैसे हातात घेऊन सात आठवडे घरी काढले, तिचे मूल आयुष्याच्या पहिल्या आणि सर्वांत नाजूक महिन्यात आईजवळ राहिले.

शोधयात्री

दोघांचेही मनापासून आभार. अंश आणि छेद वेगवेगळ्या माणसांचे आहेत, हे कळल्यावर अनेक तक्ते नव्याने पाहावे लागणार आहेत. निव्वळ मृत्यूसंख्येची मांडणी आजच सुरू करते.

एक उपप्रश्न आहे. सगळी चर्चा बाळाभोवती फिरते. त्या काळात बाळंतिणींच्या मृत्यूंकडे कोणी लक्ष दिले होते का? महापालिकेच्या अहवालांत त्याबद्दल फारच थोडे सापडते.

निवृत्त_परिचारिका

शोधयात्री, हा प्रश्न आपण विचारलात याचा मला आनंद झाला. नोकरीची बरीच वर्षे मी प्रसूतिकक्षात काढली आहेत, त्यामुळे आईचा मृत्यू नोंदीतून कसा निसटतो याची मला कल्पना आहे. बाळंतपणानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी तापाने गेलेल्या बाईच्या दाखल्यावर "ताप" एवढेच पडते, आणि ती बाळंतीण होती हे कोणी विचारले नाही तर कागदावर येतच नाही. आपल्याला अहवालांत थोडे सापडते त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

या विषयात मुंबईत झालेले काम खरे तर अभिमानाने सांगावे असे आहे. डॉ. मार्गारेट बाल्फर या दीर्घकाळ हिंदुस्थानात काम केलेल्या डॉक्टर होत्या. गरोदर बायकांमध्ये आढळणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा, छडा लावण्यासाठी त्यांनी डॉ. ल्युसी विल्स यांना बोलावून घेतले. १९२८ साली विल्स मुंबईत आल्या, आणि परळच्या हाफकिन संस्थेत व शहरातल्या रुग्णालयांत त्यांनी काम सुरू केले. या बायकांचे रक्त तपासल्यावर लोहाच्या कमतरतेने होतो त्यापेक्षा निराळा पंडुरोग त्यांना दिसला, त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत. जंतुसंसर्ग शोधून झाला, पण तो सापडेना. मग त्यांनी या बायका काय खातात याकडे लक्ष वळवले, आणि यीस्टपासून केलेला मार्माइट हा स्वस्त अर्क दिल्यावर रुग्ण बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे ज्याला पुढे १९४१ मध्ये फॉलिक अॅसिड हे नाव मिळाले तो पदार्थ. आज प्रत्येक गरोदर बाईला पहिल्या तपासणीतच जी गोळी दिली जाते, तिचे मूळ गिरणगावातल्या कष्टकरी बायकांच्या रक्तात सापडले आहे, आणि आपल्याकडे ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरे नाव डॉ. जेरुशा झिराड यांचे. त्या १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, आणि त्या जागेवर बसलेल्या पहिल्या भारतीय. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांची पद्धतशीर चौकशी केली. दाखल्यावरच्या शब्दावर न थांबता प्रत्येक मृत्यूच्या मागे जायचे, बाळंतपण कोठे झाले, कोणी केले, गरोदरपणी कोणी तपासले होते का, हे विचारायचे, अशी ती चौकशी होती. पंडुरोगाचे प्रकरण त्यातही ठळकपणे पुढे आले. आपल्याला हवे असलेले उत्तर बव्हंशी या चौकशीच्या अहवालात मिळेल.

सुईणींबद्दलही थोडे लिहिते. व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ १९०३ मध्ये निधी उभा राहिला तेव्हापासून सुईणींना शिकवण्याचे प्रयत्न चालू होते, आणि मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने कितीतरी विधवा आणि गरजू बायकांना परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण दिले, आणि त्या पुढे निरनिराळ्या गावी कामाला लागल्या. त्या काळच्या अहवालांत अशिक्षित सुईणीला सगळ्या मृत्यूंचे खापर फोडण्याचे ठिकाण केलेले दिसेल. नाळ कापायला जे हाती येईल ते हत्यार, नाळेवर राख, न धुतलेले हात, हे सगळे खरे आहे आणि त्यातून बाळाला धनुर्वात व आईला सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्गाचा ताप, होई, हेही खरे आहे. पण गरोदरपणात सहा ग्रॅम हिमोग्लोबिनवर आलेली बाई उत्तमातल्या उत्तम प्रसूतिगृहातही थोड्याशा रक्तस्रावाने जाते. तिला सुईणीने मारले असे म्हणणे म्हणजे नऊ महिने तिला कोणी पोटभर अन्न दिले नाही ही गोष्ट झाकणे आहे. आपण लिहाल तेव्हा ही दोन कारणे वेगळी ठेवा.

गिरणगावकर यांनी रुग्णालयांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून जोडते. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये आणि शेजारचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले. दोन्ही गिरणी वस्तीच्या ऐन मध्यात आहेत, आणि या जागेचे महत्त्व फार आहे. कळा सुरू झाल्यावर बाईला चालत किंवा टांग्याने जिथवर नेता येईल, तिथवरच रुग्णालय तिचे असते.

दप्तरदार

गिरणगावकर यांचा आक्षेप मला मान्य आहे. जन्मांची यादी हीच सेवा होती, हे त्यांनी म्हटले ते माझ्या मांडणीपेक्षा अधिक बरोबर आहे. निव्वळ मृत्यूसंख्या पाहावी, हा आग्रह मात्र कायम ठेवतो.

निवृत्त_परिचारिका यांच्या उत्तरावरून मला शोधयात्री यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना सुचली. अर्भकमृत्यू एकगठ्ठा न मांडता वयानुसार तोडून मांडा. पहिल्या आठवड्यातले मृत्यू, पहिल्या महिन्यातले मृत्यू, आणि त्यानंतर वर्षापर्यंतचे मृत्यू, असे तीन भाग जेथे उपलब्ध असतील तेथे घ्या. पहिल्या आठवड्यात जाणारे मूल बहुधा आईच्या प्रकृतीमुळे, अपुऱ्या दिवसांमुळे किंवा बाळंतपणातल्या इजेमुळे जाते, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास धनुर्वाताचे मृत्यू येतात, आणि तीन महिन्यांनंतर जाणारे मूल अफू, वरचे दूध, हगवण आणि खोकला यांचे बळी असते. प्रसूतिगृहे, शिकलेल्या सुईणी आणि बाळंतपणाचा भत्ता यांचा परिणाम पहिल्या दोन भागांत दिसायला हवा, आणि पाळणाघरांचा परिणाम तिसऱ्या भागात. शिवाय गावाहून आणलेल्या मुलांमुळे होणारी गफलतही जवळजवळ संपूर्णपणे तिसऱ्या भागातच सापडते, कारण आठ दिवसांचे मूल घेऊन कोणी बोटीने मुंबईला येत नसे. पहिल्या महिन्याचा आकडा त्या मानाने स्वच्छ आहे. आपल्या मार्गदर्शकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी तेथूनच सुरुवात केली असती.